दाराचे पैसे

(परदेशातली भाड्याची खोली. घरमालकाला मराठी येत नाही आणि धाकट्याला त्याची भाषा येत नाही. दोन्ही भाषा येतात त्या एकट्या ताईला.)

ताई : हातोडी खाली ठेवल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही. त्याच्याशीही नाही आणि तुझ्याशीही नाही.

धाकटा : ठेवायला नाही आणली मी ती.

ताई : अरे, म्हातारा माणूस आहे तो. नाक बघ त्याचं, कुठल्या कुठे गेलंय. खाली जिन्यात मी रक्तावरून घसरता घसरता वाचले.

धाकटा : नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. याचं फुटलं तरी उघडेना. म्हणून तर तुला फोन केला. मला मारता येतं ताई, याच्याशी बोलता येत नाही.

ताई : मी येतच होते ना संध्याकाळी? काय ठरलं होतं आपलं? खोली झाडून द्यायची, किल्ल्या द्यायच्या, डिपॉझिट घ्यायचं आणि सुटायचं इथून. एवढंसं काम. तेवढा वेळ तुला दम धरवला नाही.

धाकटा : झाडली ना खोली. पुसली, ओटा घासला, खिडक्यांच्या काचासुद्धा पुसल्या. हा आला, सगळीकडे फिरला, ओट्यावर बोट फिरवून बघितलं. मग न्हाणीघरापाशी उभा राहिला, दाराकडे बोट दाखवलं आणि मुंडी हलवायला लागला. त्याच्या भाषेतला 'नाही' तेवढा मला चांगला कळतो. आल्या दिवसापासून तोच ऐकतोय. किल्ल्या माझ्या हातातून काढून घेतल्या न् निघाला.

ताई : आणि तू मारलंस.

धाकटा : जिन्यात गाठला. एक ठेवून दिली. पडला. मग वर ओढत आणला, तेव्हा आणखी दोन-चार बसल्या असतील. मोजत नव्हतो.

घरमालक : बाई, तुम्ही पोलिसांकडून आलात का?

ताई : नाही मालक. मी याची बहीण. मान मागे टाकू नका, रक्त घशात जाईल. पुढे वाका. असं. हा रुमाल धरा नाकाखाली, दाबू नका.

घरमालक : माझ्या गोळ्या खाली आहेत. हृदयाच्या. त्याला सांगा, मला जाऊ दे.

धाकटा : काय म्हणतो?

ताई : हृदयाच्या गोळ्या खाली राहिल्यात म्हणतो.

धाकटा : हृदय आहे याला? नवीनच ऐकतोय.

ताई : चेष्टा सुचतेय तुला. मी वृद्धाश्रमातच राहते, रोज असली माणसं उचलते. बोलता बोलता ओठ निळे पडतात आणि संपतात. हा तुझ्या हातून मेला तर माझ्याकडे नवराही नाही आणि भाऊही नाही, असं होईल. कळतंय का?

धाकटा : मग विचार त्याला लवकर. डिपॉझिट का देत नाही, एवढंच विचार.

ताई : मालक, हा विचारतोय, डिपॉझिट का अडवलंत?

घरमालक : मी त्याला दाखवलं. न्हाणीघराचं दार. तुम्हीच बघा ना. भरीव लाकडाचं दार होतं, माझ्या वडिलांच्या वेळचं. वरची फळी फोडलीय, बिजागरी उखडलीय, चौकट हललीय, आतल्या फरशीला तडे गेलेत. नवीन करायचं तर सगळं डिपॉझिट त्यातच जातं. शिवाय दोघांपैकी एक भाडेकरू आधी न कळवता गेला. करारात स्पष्ट आहे, सोडण्याआधी महिनाभर कळवायचं.

धाकटा : काय म्हणाला?

ताई : दाराचं म्हणतोय.

धाकटा : एवढं लांबण लावलं त्यानं, आणि तू दोन शब्दांत गुंडाळलंस.

ताई : सार तेवढंच आहे.

धाकटा : कळवण्याचं काय म्हणाला? तो शब्द मला माहीत आहे. भाडं चुकलं की तोच बोलायचा.

ताई : काही नाही. वेळेवर कळवलं नाही म्हणतोय. दाराचं नुकसान.

धाकटा : कळवलं नाही? मग आता कळव त्याला. सांग, मी कामावरून आलो तर आत गॅसचा गिझर धडधडतोय, पाणी वाहतंय, आणि दाजींना हाका मारून माझा घसा बसला. दार आत उघडणारं आणि दाजी दारालाच टेकून पडलेले. ढकलावं तर त्यांच्याच अंगाला लागतंय. म्हणून या हातोडीनं वरची फळी फोडली, आत हात घातला. कडी अडकलेली. नेहमी अडकायची, याला शंभरदा सांगितलं होतं. कडी ठोकून काढेपर्यंत माझ्या हाताची सालटी निघाली. आणि हा त्याचे पैसे मागतो. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस आहे हा, ताई. हे सगळं सांग. एक अक्षर गाळू नकोस.

ताई : मालक, दार फोडलं कारण आत माणूस पडला होता.

घरमालक : माहीत आहे मला. वाईट झालं. पण ते वेगळं आणि दार वेगळं.

धाकटा : आता काय म्हणाला?

ताई : वाईट झालं म्हणाला.

धाकटा : पुढे? पुढे काहीतरी बोलला.

ताई : तेच परत बोलला.

धाकटा : ताई, तू मला बनवतेस. लहानपणी बाबांच्या माराच्या आधी आई असंच करायची. इकडचं तिकडे सांगताना निम्मं गिळायची. गिझरचं विचार आता. तो पाइप.

ताई : मालक, गिझरच्या धुराचा पाइप सुटला होता, ते तुम्हाला यांनी सांगितलं होतं ना?

घरमालक : माझा भाचा येऊन बघून गेला होता.

धाकटा : भाचा म्हणाला ना? कळला मला तो शब्द. सांग त्याला, तुझ्या भाच्यानं पाइपला चिकटपट्टी गुंडाळली. चिकटपट्टी. गरम पाइपला. आठ दिवसांत ती वाळून गळून पडली. आणि वरची हवेची जाळी? ती कुणी पत्रा ठोकून बंद केली? थंडी आत येते, गॅस जास्त जळतो म्हणून. आम्ही दोघं दिवसभर लोकांच्या घरात फरश्या बसवतो, ताई. हवेला वाट ठेवल्याशिवाय आम्ही संडासाची फरशीसुद्धा बसवत नाही. आणि राहत कशात होतो तर या डबीत.

घरमालक : तो कशाबद्दल बोलतोय त्याचा अंदाज येतोय मला. पण मी त्यावर बोलू शकत नाही, बाई. विमावाल्यांनी बजावलंय. काही कबूल करायचं नाही, काही परत द्यायचं नाही. डिपॉझिट पूर्ण दिलं तर तीच कबुली धरतील. मग विमा हात वर करणार आणि सगळं माझ्या डोक्यावर. हे घर जाईल माझं. या वयात मी कुठे जाऊ?

धाकटा : बोल.

ताई : विमावाले देऊ देत नाहीत म्हणतोय.

धाकटा : का?

ताई : दिलं तर त्याची चूक होती असं ठरेल म्हणून.

धाकटा : म्हणजे चूक आहे हे त्याला ठाऊक आहे. पैसे द्यायचे नाहीत ते पैशांसाठी नाही. दिले तर पाप अंगाला चिकटतं म्हणून.

ताई : अरे, तसं नाही...

धाकटा : तसंच आहे. सांग त्याला, मला नकोत त्याचे पैसे. सगळे जाळ म्हणावं. त्यानं फक्त एवढं म्हणायचं, दार फोडलंस ते बरोबर केलंस. माझ्या तोंडाकडे बघून म्हणायचं. म्हणाला की मी निघालो.

ताई : मालक, ऐका. त्याला पैसे नकोत. तुम्ही एवढंच म्हणा, की दार फोडलं ते बरोबर केलं. साधं वाक्य आहे. म्हणून टाका आणि सुटा.

घरमालक : तेच तर मला म्हणता येत नाही. फोनमध्ये रेकॉर्ड करतोय तो. बघा, खिशात हात आहे त्याचा.

ताई : रेकॉर्ड नाही करत हो. म्हणा.

घरमालक : नाही.

धाकटा : हा कळला मला. नेहमीचाच आहे. हात ठेव म्हणावं फरशीवर. उजवा.

ताई : काय करतोस? सोड त्याचा हात. सोड म्हणते ना.

धाकटा : तू मध्ये येऊ नकोस. ही फरशी मीच बसवलीय, याच्याच घराची, फुकटात, भाड्यातून वळतं करतो म्हणाला होता. केलं नाही ते वेगळं. ठेव रे हात.

घरमालक : बाई, सांगा त्याला. मी देतो. पैसे देतो. सगळे देतो...

ताई : देतो म्हणतोय तो. ऐक, देतो म्हणतोय, अरे...

धाकटा : आता उशीर झाला.

घरमालक : आई गं. आई. आई. माझं बोट.

ताई : राक्षसा. काय केलंस हे? हाड बाहेर आलंय त्याचं. बाजूला हो. मालक, हात वर धरा, माझ्याकडे बघा, हाताकडे बघू नका. माझी ओढणी घ्या, गुंडाळते मी. श्वास घ्या.

धाकटा : एकच मोडलंय. दाजी अख्खे गेले.

ताई : तू तोंड बंद ठेव. कापड दे मला, तुझ्या त्या हत्यारांच्या पिशवीत असेल काहीतरी. तुझा बनियन दे, काहीही दे. मालक, तुम्ही पिशवीकडे सरकू नका, मी घेते. मालक?

धाकटा : आईच्या... ताई, पटाशी आहे त्याच्या हातात.

ताई : मालक, टाका ती. टाका.

धाकटा : मारली. मांडीत मारली त्यानं. म्हातारा म्हणे. बघ म्हाताऱ्याचा जोर.

ताई : पडू नकोस, भिंतीला टेक. किती खोल आहे? बघू दे मला.

धाकटा : बघत बस तू. आज याला ठेवत नाही मी.

ताई : गळा सोड त्याचा. अरे सोड. जीभ बाहेर आली त्याची. सोड. मी हात जोडते, पाया पडते तुझ्या. ऐकू येतंय का तुला? डोळे फिरले त्याचे. सोड.

धाकटा : जाऊ दे. दाजींचेही फिरले असतील.

ताई : सोड म्हणते.

धाकटा : आ. ताई.

ताई : आणखी एक घालू? त्याच खांद्यात? हातोडी माझ्या हातात आहे आता.

धाकटा : हात उचलत नाहीये माझा. मला मारलंस? मला?

ताई : लागावं म्हणूनच मारलं. पलीकडे जाऊन बस. त्या कोपऱ्यात. पिशवीतला हा पंचा घे, मांडीवर दाबून धर. हात काढलास तर रक्तानं मरशील आणि मी उठून येणार नाही.

धाकटा : त्याच्यासाठी मला मारलंस.

ताई : तुझ्यासाठी तुला मारलं. घरी तुझी बायको पोटुशी आहे. तिला काय सांगू? मालक, डोळे उघडा. मालक. खोका. जोरात खोका, असं. अजून. आला श्वास? हं. हळूहळू. मी आहे इथे.

घरमालक : मारून टाकणार होता तो मला.

ताई : हो. मारणारच होता.

घरमालक : तुम्ही मध्ये पडलात.

ताई : बोलू नका. छातीत दुखतंय?

घरमालक : नाही. गळा दुखतोय.

धाकटा : ताई.

ताई : काय आहे?

धाकटा : मी रडत नाहीये.

ताई : नाही ना. दिसतंय मला.

धाकटा : तू इथे नव्हतीस त्या दिवशी. तू तिकडे तुझ्या म्हाताऱ्यांना भरवत होतीस. मी ते दार फोडत होतो ना, तेव्हा नुसता हातोडीचा आवाज नव्हता. मी बोंबलत होतो. मराठीत बोंबलत होतो, हिंदीत बोंबलत होतो, येईल त्या भाषेत. समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत आली. लांबची माणसं आली. आणि हा बरोबर खाली, या फरशीच्या खाली. टीव्ही चालू होता याचा. मला ऐकू येत होता. हा वर आला नाही. दोघांनी ढकललं असतं तर दार लवकर उघडलं असतं. डॉक्टर म्हणाले फरक पडला नसता. पण मी तो हिशेब कसा सोडू? विचार त्याला. ऐकू आलं होतं का नव्हतं, तेवढं विचार. मग मी तुझं सगळं ऐकतो.

ताई : विचारते. मालक, एकच विचारते. त्या दिवशी तुम्ही खाली घरातच होतात का?

घरमालक : पोलिसांना मी सांगितलंय, मी बाहेर होतो.

ताई : पोलिसांचं नाही विचारलं. तुम्ही होतात का?

घरमालक : होतो.

ताई : दार फोडल्याचा आवाज आला तुम्हाला?

घरमालक : आला. दोन्ही वेळा आला.

ताई : दोन्ही वेळा?

घरमालक : मला धड बोलता येत नाहीये, बाई. घसा बघा माझा.

ताई : दार एकदाच फोडलं, मालक. संध्याकाळी, हा कामावरून आल्यावर.

घरमालक : पाणी द्या मला.

धाकटा : काय चाललंय तुमचं? काय म्हणाला?

ताई : पाणी मागतोय. उठवतंय का तुला? स्वयंपाकघरात पेला राहिलाय एखादा?

धाकटा : सगळे बांधले. डब्याच्या झाकणातून आणतो. तू सांग तर काय म्हणाला ते.

ताई : घशातून आवाज निघत नाही त्याच्या. आधी पाणी आण. भिंत धरून जा. मालक, तो गेला आत. दुसरी वेळ कुठली?

घरमालक : तुम्ही त्याला सांगाल.

ताई : बोला तुम्ही.

घरमालक : दुपारी. मी जेवून आडवा झालो होतो. वरून ठोकल्याचा आवाज यायला लागला. धप, धप. थांबायचा, परत सुरू व्हायचा. फार जोरात नव्हता. ही कारागीर माणसं, घरातही काहीतरी ठोकत असतात. आधीही मी तक्रार केली होती. मी काठी घेतली आणि छताला ठोकलं.

ताई : मग?

घरमालक : मग वरून परत वाजलं. मी जितकं ठोकलं होतं, बरोबर तितकंच. मला राग आला. वाटलं, उद्धटपणा चाललाय, माझी नक्कल करतायत. मी आणखी जोरात ठोकलं. वरून परत तेवढंच वाजलं, पण हळू. मग मी अजून एकदा ठोकलं आणि आवाज बंद झाला. मला वाटलं, समजले.

ताई : समजले.

घरमालक : मग मी झोपलो. मला माहीत नव्हतं हो. मला कसं कळणार? संध्याकाळी तो ओरडायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं. आणि मग मी वर आलो नाही. टीव्ही लावून बसलो. आवाज मोठा केला.

ताई : तुम्ही ठोकत होतात, तेव्हा त्यांना वाटलं असेल, कुणीतरी ऐकलं. आता येतील वर.

घरमालक : देवाशपथ मला माहीत नव्हतं. त्या माणसाचं घरी कुणी होतं का? बायको वगैरे?

ताई : आहे. मीच.

घरमालक : तुम्ही तर बहीण म्हणालात.

ताई : याची बहीण. त्यांची बायको.

धाकटा : हे घे पाणी. दे त्याला. झाकण गळतंय, हात धर खाली. ताई, तू अशी का बसलीस? तो काय म्हणाला तुला?

ताई : दम खाऊ दे त्याला. तू बस. पाय लांब कर. रक्त थांबलंय का?

धाकटा : थांबत आलंय. तुझ्या ओठाला काय झालं?

ताई : तुझं कोपर लागलं मघाशी.

धाकटा : मला कळलंच नाही.

ताई : तुला बरंच काही कळत नाही मारताना.

घरमालक : बाई, ऐका माझं. मला वाटतं आपण दोघांनी समजुतीनं घ्यावं. मी सांगेन, जिन्यावरून पडलो. नाक, बोट, गळा, सगळं जिन्यावर. माझ्या वयाला लोक विश्वास ठेवतील. तुमच्या भावाचं नाव येणार नाही. नाहीतर तो आत जाईल आणि सुटल्यावर त्याला तुमच्या देशात परत हाकलून देतील, पुन्हा इथे पाऊल ठेवता येणार नाही. डिपॉझिट सगळं देतो. आजच देतो, वर आणखी देतो. फक्त ते काठीचं तुम्ही कुठे बोलू नका. मी घरी नव्हतो, एवढंच राहू द्या.

धाकटा : बराच वेळ बोलतोय. माफी मागतोय का?

ताई : नाही.

धाकटा : मग?

ताई : सौदा करतोय. मालक, तुम्ही मला आणखी एकदा सांगा. नीट कळलं नाही असं नाही, पण सांगा. तुम्ही जिन्यावरून पडलात आणि माझ्या नवऱ्यानं दार वाजवलंच नाही. असंच ना?

घरमालक : तुमच्या भावाच्या भल्याचं आहे यात.

ताई : आहे. खरंच आहे. त्याची बायको बाळंत व्हायची आहे, घर त्याच्यावर चालतं. तुम्ही माझ्या दुखऱ्या नसेवर बरोबर बोट ठेवलंत. मोडलेलं असलं तरी.

घरमालक : मग हो म्हणा.

ताई : नाही म्हणते मी. तुमचाच शब्द आहे. तुमचं बोट माझ्या भावानं मोडलं, गळा त्यानं आवळला, हे मी जसंच्या तसं सांगणार. त्याची जी शिक्षा असेल ती तो भोगेल. आणि त्या दिवशी तुम्ही घरी होतात, वरून दार वाजत होतं आणि तुम्ही खालून काठीनं त्याला गप्प केलंत, हेही जसंच्या तसं सांगणार. एक झाकून दुसरं सांगायचं मला जमणार नाही. महिनाभर मी स्वतःची समजूत घालत होते, की त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. त्यांनी किती वेळ वाट बघितली ते मला आज कळलं. ते आता मी कुठे ठेवू? तुमच्या सौद्यात?

घरमालक : मी म्हातारा माणूस आहे.

ताई : ते जगले असते तर तेही झाले असते. आणि डिपॉझिट मला पाहिजे. मेहेरबानी म्हणून नको आणि तोंड बंद ठेवायला तर नकोच. दाराचे पैसे कापायचे नाहीत. ते दार माझ्या माणसाला बाहेर काढायला फोडलंय. गप्प राहा आता, मी फोन लावतेय.

धाकटा : कुणाला फोन?

ताई : हॅलो. रुग्णवाहिका पाहिजे. दोन जखमी आहेत. एकाचं नाक आणि बोट मोडलंय, गळा आवळलाय, हृदयाचा आजार आहे. दुसऱ्याच्या मांडीत पटाशी घुसलीय. शुद्धीवर आहेत, दोघंही. हो, मारामारी झाली. पोलिसांना पाठवा, मी इथेच आहे. कुणी केली? माझ्या भावानं. हो, माझाच भाऊ. नाही, आता हत्यार माझ्याकडे आहे. चौथा मजला.

धाकटा : पोलीस म्हणालीस तू. तो शब्द सगळीकडे सारखाच असतो.

ताई : म्हणाले.

धाकटा : माझं नाव सांगितलंस?

ताई : माझा भाऊ म्हणाले.

धाकटा : तो सौदा काय होता?

ताई : जिन्यावरून पडलो म्हणणार होता.

धाकटा : आणि तू नको म्हणालीस? ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मी सुटत होतो.

ताई : सुटत होतास.

धाकटा : त्याच्या बदल्यात काय मागत होता तो?

ताई : मालक, उठा. माझ्या खांद्याला धरा. दाराबाहेर पायरीवर बसायचं, ते लोक येतीलच. हात छातीच्या वर धरून ठेवा, खाली सोडू नका. नाही, गोळ्या आणायला तुम्ही उतरू नका, त्यांना सांगा, ते आणतील. सावकाश. इथे बसा. भिंतीला टेका.

घरमालक : तुम्ही दार लावताय?

ताई : हो. मला माझ्या भावाशी बोलायचंय.

धाकटा : खालून पोलीस यायच्या आधी पळून जाऊ का मी? पायानं जमेल असं वाटत नाही.

ताई : पळून कुठे जातोस? लंगडत लंगडत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत?

धाकटा : तेवढंच आहे अंतर. किती दिवस आत टाकतील?

ताई : माहीत नाही. मी येत जाईन भेटायला. तुझ्या बायकोला मी सांगते, तू काही काळजी करू नकोस. तिचं बाळंतपण मी बघते, पैसे पाठवते.

धाकटा : तू रागावलीस का माझ्यावर?

ताई : खूप. पण ते नंतर.

धाकटा : ताई, मी पाणी आणायला गेलो तेव्हा तो तुला काहीतरी म्हणाला. मी आत गेलो तेव्हा तुझा चेहरा वेगळा होता आणि परत आलो तेव्हा वेगळा. तू मघापासून मला निम्मं निम्मं सांगतेस. मला सगळं कळतं, फक्त त्याची भाषा कळत नाही.

ताई : निम्मंच सांगितलं. तू त्याला मारून टाकू नयेस म्हणून. आता तो बाहेर आहे, दाराला कडी आहे आणि तुझा एक हात उचलत नाही, एक पाय चालत नाही.

धाकटा : म्हणजे तेवढं वाईट आहे.

ताई : हो.

धाकटा : तू नाही सांगितलंस तरी चालेल. राहू दे.

ताई : मला एकटीला नाही जमणार ते, रे. मी करून बघितलं मघापासून. ये, सरक इकडे, माझ्याजवळ.

धाकटा : हं. बसलो.

ताई : हात दे.

धाकटा : हा घे.

ताई : दुसरा पण दे. दुखतोय तो.